थांबलेला चेंडू, ताणलेला प्रसंग: फुटबॉल आणि सिनेमातली लय आणि सेट पीस

विचारलं असं आहे: ‘पेस’ आणि ‘सेट पीस’ हे दोन शब्द फुटबॉलमध्येही चालतात आणि सिनेमातही. हा नुसता शब्दांचा योगायोग, की दोन्हीकडचं काम खरंच एका जातीचं आहे? वेगवान खेळ आणि वेगवान सिनेमा हाच चांगला मानायचा, तर सगळं थांबवून मारलेला एक कॉर्नर किंवा दहा मिनिटं ताणलेला एकच प्रसंग इतका भाव का खाऊन जातो? आणि शेवटचा भाग सरळ कामाचा आहे: सेट पीस बसवायचा कसा, आणि तो फसतो कुठे?

योगायोग नाही. आपण नाच बसवतो, नाटक बसवतो, गाण्याची चाल बसवतो. सेट पीस म्हणजे तसाच बसवलेला तुकडा. फुटबॉलच्या चालू खेळात पुढची हालचाल समोरचा काय करतो यावर ठरते. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, पेनल्टी यांत चेंडू थांबलेला असतो आणि नेमकं कधी सुटायचं हे एकाच संघाच्या हातात असतं. सिनेमात तर प्रत्येक फ्रेम बसवलेलीच, मग तिथे सेट पीस वेगळा ओळखायचा कसा? घड्याळावरून. एरवीचं दृश्य कथेच्या गरजेपुरतं चालतं. माहिती पोचली की कट. सेट पीसमध्ये कथा एका जागी उभी राहते आणि त्या जागेतली घटना स्वतःला हवा तेवढा वेळ घेते. मग तो दरोडा असो, पाठलाग असो किंवा जेवणाच्या टेबलावर पेटलेलं भांडण असो.

घोळ होतो तो ‘पेस’च्या अर्थात. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत आणि इथे दोन्ही लागतात. वेग म्हणजे किती जोरात. लय म्हणजे संथ आणि जोरकस यांची मांडणी. गाणं ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, विलंबित मुरल्याशिवाय द्रुत चढत नाही. गाडी एकाच वेगाने चालली असेल तर आत बसलेल्याला वेग कळतच नाही. ब्रेक लागला किंवा गाडीने उसळी घेतली की कळतो. सलग ९० मिनिटं पळणारा संघ आणि सलग दोन तास पळणारा सिनेमा यांचं नेमकं हेच होतं. सेट पीसचं महत्त्व इथून सुरू होतं: लय बदलायची जागा तुम्ही स्वतः निवडू शकता, अशा मोजक्या जागांपैकी ती एक आहे.

आधी मैदानावर. खेळाडूचा वेग, चेंडूचा वेग आणि निर्णयाचा वेग या तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात. अव्वल दर्जाचा पळणारा खेळाडू ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास जातो, तेही काही सेकंदांपुरतं. जमिनीलगत चांगला ठोकलेला पास त्याला सहज मागे टाकतो. म्हणून संघाचा वेग वाढवायचा असेल तर पळापळ वाढवू नका, पास कोणत्या पायावर पडतो ते बघा. चेंडू घेणाऱ्याच्या जवळच्या पायावर आला, तर तो आधी थांबवावा लागतो, मग वळावं लागतं, मग कुठे मान वर करून पुढे बघता येतं. तोच चेंडू खांदे तिरके, उघडे ठेवून लांबच्या पायावर घेतला, तर थांबवणं आणि वळणं एकाच स्पर्शात उरकतं. वाचला तो साधारण एक सेकंद. एका सेकंदात अंगावर धावत येणारा बचावपटू पाच ते सात मीटर कापतो, म्हणजे तुमच्यासमोर मोकळी जागा आहे की नाही हे त्या एका सेकंदावर ठरतं. सरावात ‘जोरात, जोरात’ ओरडण्यापेक्षा एवढी एक गोष्ट दुरुस्त केली तरी संघ वेगवान दिसायला लागतो.

संथ खेळालाही काम असतं. मागच्या फळीत दोन-तीन सावकाश पास झाले की प्रतिस्पर्ध्याचा पुढचा गडी मोहात पडून चेंडूकडे सरकतो. त्याने जागा सोडली रे सोडली की त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत सरळ, जोरकस पास. हा पास जोरकस वाटतो तो आधीच्या संथ पासांमुळे. १९७० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीविरुद्ध ८६व्या मिनिटाला केलेला चौथा गोल पुन्हा काढून बघा, पण या वेळी फक्त वेगाकडे लक्ष ठेवा. क्लोदोआल्दो स्वतःच्या अर्ध्यात चौघांना चकवतो. चेंडू रिवेलिनोकडे, तिथून डाव्या कडेने जाईरझिन्योकडे. जाईरझिन्यो आत वळून पेलेला देतो. पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी, इटलीचा बचाव समोर असताना, पेले काय करतो? जवळजवळ उभा राहतो. सगळ्यांची नजर त्याच्या पायांवर खिळते. मग उजवीकडे, टीव्हीच्या चौकटीत अजून कोणी आलेलंही नाही अशा जागी, तो चेंडू अलगद सरकवतो, आणि मागून पूर्ण वेगात आलेला कार्लोस आल्बेर्तो चेंडू न थांबवता लांबच्या कोपऱ्यात खालून ठोकतो. पेलेने घाई केली असती तर आल्बेर्तो तिथे पोचलेलाच नसता. गोल फटक्याचा दिसतो, पण आहे तो थांबण्याचा.

सगळं जोरातच खेळणाऱ्या संघाचं बिघडतं ते फळ्यांमधल्या अंतरात. पुढचे तिघे सुसाट निघतात, मागचे चौघे तेवढे पुढे येत नाहीत, आणि मधल्या फळीवर दुप्पट जागा सांभाळायची वेळ येते. चेंडू गमावला की तीच पोकळी प्रतिस्पर्ध्याची वाट होते. साठाव्या मिनिटानंतर हे जास्त दिसतं, कारण परतीची धाव ही पुढच्या धावेपेक्षा आधी मंदावते.

आता थांबलेल्या वेळाबद्दल. ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. उरलेला वेळ थ्रो-इन, फ्री किक, दुखापत, बदली खेळाडू यांत जातो. हा वेळ वाया गेला असं समजणारे प्रशिक्षक सामन्याचा एक तृतीयांश भाग सोडून देतात. पुढे असलेला संघ थ्रो-इनला १५ सेकंदं घेतो, मागे असलेला तीन सेकंदांत टाकतो. लय कोणाची चालणार हे तिथे ठरतं. नियमांनीही आता हे ओळखलं आहे. २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवतात. लय गोठवली म्हणून शिक्षा, आणि शिक्षा म्हणून सेट पीस. तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द एकाच नियमात आले.

कॉर्नर जरा जवळून बघू, कारण बसवण्याची सगळी कला त्यात स्वच्छ दिसते. मैदान ६८ मीटर रुंद धरा. कोपऱ्यापासून गोलच्या मध्यापर्यंत ३४ मीटर. गोल ७.३२ मीटर रुंद, म्हणजे जवळचा खांब साधारण ३० मीटरवर आणि लांबचा ३८ च्या थोडा आत. ताशी ७० किलोमीटरने वळवून मारलेला चेंडू ३२ मीटर जायला दीड सेकंदाहून जरासा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात हेडर, म्हणजे डोक्याने फटका, मारायला येणारा खेळाडू आठ-नऊ मीटर धावू शकतो. म्हणून तो पेनल्टी स्पॉटच्या दोन पावलं मागे, गोलपासून साधारण १३ मीटरवर उभा राहतो आणि किक मारणाऱ्याचा टेकूचा पाय जमिनीवर पडताना सुटतो. मग चेंडू आणि तो गोल क्षेत्राच्या ५.५ मीटरच्या रेषेवर एकाच वेळी पोचतात. अर्धा सेकंद आधी सुटला तर त्याला चेंडूखाली थांबून उभ्याने उडी मारावी लागते, आणि उभ्याने मारलेल्या उडीला धावत मारलेल्या उडीची उंची येत नाही. उशिरा सुटला तर बचावपटू त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये येतो. बहुतेक संघ जागा घोकतात. घोकायचा असतो तो सुटण्याचा क्षण.

माणसांची वाटणी अशी करा. गोलरक्षक आणि किक मारणारा सोडून नऊ जण उरतात. दोघे मध्यरेषेजवळ मागे. प्रतिस्पर्ध्याने पुढे जितके ठेवले असतील त्यापेक्षा इथे एक जास्त हवा. एक जण पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर, परतून येणाऱ्या चेंडूसाठी. एक गोलरक्षकासमोर. एक वाट अडवायला. उरले चार, ते धावणारे. वाट अडवण्याबद्दल नीट समजून घ्या. आपल्या जागी आधीपासून स्थिर उभ्या असलेल्या खेळाडूला वळसा घालून जाणं ही बचावपटूची अडचण. पण चेंडू खेळण्याच्या अंतरावर नसताना मुद्दाम त्याच्या वाटेत सरकलात तर ती चूक धरली जाते. म्हणून अडवणाऱ्याने किक आधी दोन सेकंदं जागा पकडायची, पाय रोवायचे आणि हात अंगालगत ठेवायचे.

ऑफसाइडचा, म्हणजे साथीदार चेंडू खेळताना चेंडू आणि समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांच्याही पुढे असण्याचा, घोळ इथे हमखास होतो. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, म्हणून गोलरक्षकासमोरचा खेळाडू निर्धास्त असतो. पण जवळच्या खांबाशी कोणी चेंडू डोक्याने पुढे सरकवला की त्या क्षणापासून ऑफसाइड लागू. तीच गत छोट्या कॉर्नरची: किक मारणारा जवळच्या साथीदाराला देतो, साथीदार लगेच परत देतो, आणि तोपर्यंत किक मारणारा गोलरेषेजवळच रेंगाळलेला असतो. सहायक पंचाचा झेंडा वर. पास देताच त्याने आधी चेंडूच्या मागच्या बाजूला यायचं, मग परतीचा पास मागायचा.

चेंडू आत (गोलकडे) वळणारा की बाहेर (गोलपासून दूर) वळणारा, हा वाद जुना आहे. आत वळणाऱ्या चेंडूला नुसता कोणाचा तरी स्पर्श पुरतो, गोलरक्षकाला गर्दीत निर्णय घ्यावा लागतो, म्हणून माझा कल तिकडे. बाहेर वळणारा चेंडू हेडर मारणाऱ्याकडे येतो, पण गोलसाठी लागणारी ताकद त्याला स्वतःच्या मानेतून काढावी लागते. गोलरक्षक बाहेर येऊन चेंडू झेलण्यात तरबेज असेल तर दुसरा प्रकार निवडा. बाकी कशापेक्षाही कॉर्नर जास्त वाया जातात ते एका साध्या कारणाने: चेंडू जवळच्या खांबाशी उभ्या असलेल्या पहिल्या बचावपटूच्या वर जात नाही. तो पार करणं ही पहिली अट. ती दहापैकी आठ वेळा पाळता येत नसेल तोवर कुठलीही कल्पक रचना शिकवू नका.

शंभर कॉर्नरमागे गोल होतात तीन-चारच, हे ऐकून लोक नाउमेद होतात. पण हा हिशेब संपूर्ण हंगामाचा असतो आणि बाद फेरीच्या सामन्यांत एखादाच गोल निकाल लावतो. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडने १२ गोल केले, त्यातले ९ सेट पीसवरून, पेनल्टी धरून. त्यांची कॉर्नरची सुरुवात आठवत असेल: चार-पाच जण एकामागे एक रांगेत चिकटून उभे, आणि किकच्या क्षणी चार दिशांना फुटणारे. रांगेत उभ्या माणसाला बाजूने धरून ठेवता येत नाही, आणि कोण कुठे जाणार हे ती फुटेपर्यंत कळत नाही. यातली शिकवण नक्कल करण्यासारखी आहे: सुरुवात प्रत्येक वेळी सारखी ठेवा, शेवट बदला. दोन-तीन रचना पुरतात. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं; आधी चालत, मग बचावाशिवाय धावत, मग पूर्ण बचावासमोर. आणि प्रत्येक किकनंतर पुढची दहा सेकंदं खेळ थांबवू नका. पहिल्या हेडरवर शिट्टी वाजवून सगळ्यांना परत जागेवर पाठवणं ही सरावातली सर्वांत महागडी सवय आहे, कारण सामन्यात कॉर्नरवरचे कितीतरी गोल परतलेल्या दुसऱ्या चेंडूवर होतात आणि खाल्ले जातात तेही त्याच क्षणी.

सेट पीस म्हणजे थांबणं, हेही पूर्ण खरं नाही. ७ मे २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने ७९व्या मिनिटाला कॉर्नर मारला तेव्हा बार्सिलोनाचे खेळाडू अजून आपापली जागा शोधत होते. तो चेंडूपासून दूर निघाला होता, परत वळला आणि जमिनीलगत चेंडू आत सोडला. लिव्हरपूलचाच ओरिगी एकटा मोकळा. ४-० झालं आणि दोन सामन्यांचा मिळून निकाल ४-३. समोरच्याने मनात ‘आता थोडी उसंत’ असं म्हटलं होतं, लिव्हरपूलने तीच उसंत वापरली. याच्या बरोबर उलटा प्रकार २०२२ च्या विश्वचषकात, अर्जेंटिनाविरुद्ध नेदरलँड्सचा. भरपाईच्या वेळेत, अकराव्या मिनिटाला, गोलसमोर फ्री किक. नियमाप्रमाणे बचावपटूंची भिंत ९.१५ मीटरवर, सगळे जोरदार फटक्याच्या तयारीत ताठ. कूपमाइनर्सने फटका न मारता भिंतीच्या कडेला सरळ पास दिला, वेखहॉर्स्टने पाठीवर बचावपटू घेऊन तो थांबवला आणि वळून गोलात टाकला. तेवढ्या उशिरा, तेवढ्या दडपणात, सावकाश दिलेला पास. नेदरलँड्सने पुढे पेनल्टींवर सामना गमावला, पण ती रचना शिकवण्यासारखी आहे. दोन्हीकडे समोरच्याने धरलेला ठेका मोडला आहे, एकदा घाईने आणि एकदा संयमाने.

सिनेमात वेग मोजायचं सोपं माप म्हणजे शॉटची सरासरी लांबी: दृश्याची सेकंदं भागिले शॉटची संख्या. हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओ काळात ती साधारण आठ ते अकरा सेकंद असायची. आजच्या ॲक्शनपटांत ती तीन सेकंदांच्या आसपास येते. पण हे माप एकटं फसवं आहे. खरा प्रश्न असतो नव्या शॉटमध्ये डोळ्यांना आपलं ठिकाण सापडायला किती वेळ लागतो. सेकंदाला २४ फ्रेम. नवी जागा दाखवणारा रुंद शॉट वाचायला निदान ४० ते ५० फ्रेम लागतात. आधी दिसलेल्या चेहऱ्याचा क्लोजअप १२ ते १८ फ्रेममध्ये वाचून होतो. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये दोन तासांत साधारण २,७०० कट आहेत, तरी प्रेक्षक हरवत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्यावर ठेवलेली आहे. कट झाला तरी डोळा हलत नाही. पास लांबच्या पायावर देण्यासारखंच हे: घेणाऱ्याचा एक स्पर्श वाचवला की वेग मिळतो. उलट, वस्तू एका शॉटमध्ये डाव्या कोपऱ्यात आणि पुढच्यात उजव्या कोपऱ्यात ठेवली आणि वर शॉट १५ फ्रेमचे कापले, तर मिळतो तो नुसता कल्ला.

थांबण्याचं मोल दाखवणारं आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे ‘फँड्री’ (२०१३) मधला डुक्कर पकडण्याचा प्रसंग. तो पाठलागच आहे आणि पाठलागाची सगळी हत्यारं त्यात आहेत: धावपळ, आरडाओरडा, हुलकावणी, बघ्यांची वाढती गर्दी. जब्याला, सिनेमाच्या नायक मुलाला, लपायचं आहे, बापाला तो पुढे हवा आहे, आणि ज्या मुलांसमोर, ज्या शालूसमोर त्याला दिसायचं नाही ती सगळी बघताहेत. डुक्कर अगदी टप्प्यात येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुकराला अर्थातच कोणी थांबवलेलं नाही. वेग शून्यावर आला आणि ताण दुप्पट झाला, कारण आता प्रत्येक जण दिसतो आहे आणि कोणालाही हलता येत नाही. संकलकाने इथे आधीच्या धावपळीच्याच ठेक्याने कट मारले असते तर प्रसंग कोसळला असता. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी पाठलागाच्या मध्यावर ही ‘भिंत’ उभी केली, म्हणून पुढची धाव पहिल्यासारखी हसण्यावारी नेता येत नाही.

सिनेमातला सेट पीस बसवताना पहिलं काम कागदावर एका वाक्यात लिहिणं: या प्रसंगाच्या आधी कोणाकडे काय होतं आणि नंतर काय उरलं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर प्रसंग कितीही खर्चिक असला तरी कापून टाकता येईल असाच राहणार, आणि शेवटी कोणीतरी तो कापतोच. दुसरं, जागेचा नकाशा. दारं कुठे, उंच जागा कुठे, बाहेर पडायची वाट किती लांब. प्रेक्षकाला हा नकाशा गडबड सुरू होण्याच्या आधी, शांतपणे, दोन-तीन शॉटमध्ये कळला पाहिजे. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मधला शेतांवरच्या विमानाचा प्रसंग आठवा. बसमधून उतरलेला माणूस रिकाम्या रस्त्यावर कितीतरी वेळ नुसता उभा आहे. गाड्या येतात, जातात. पलीकडे एक जण येऊन थांबतो, दूरवर औषध फवारणारं विमान दिसतं, आणि तो अनोळखी माणूस सहज म्हणतो की जिथे पीकच नाही तिथे ते फवारतंय. पार्श्वसंगीत नाही. तोवर आपल्याला कळून चुकलेलं असतं की चारी बाजूंना आडोसा नाही. विमान वळतं तेव्हा वेगळं काही समजावण्यात एक सेकंदही घालवावा लागत नाही. कॉर्नरआधी चारही धावणारे आपापल्या जागी उभे राहतात ना, तशी ही उभं राहण्याची मिनिटं.

तिसरं, टप्पे. चांगल्या सेट पीसमध्ये तीन ते पाच टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पात्राकडचा एक मार्ग बंद होतो. नुसता धोका मोठा करत नेला (आधी एक माणूस, मग दहा, मग पन्नास) तर प्रेक्षक मोजणं सोडून देतो. टप्प्यांची लांबी सारखी ठेवू नका: चार मिनिटांचा पहिला, दीड मिनिटाचा दुसरा, मग अचानक तीन मिनिटांचा, असं विषम हवं. चौथं, अक्षरेषा. दोन बाजूंमध्ये एक रेषा ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवा. फुटबॉलच्या प्रक्षेपणात मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात ते याचसाठी. पलीकडून दाखवलं तर कोणता संघ कुठे चालला हेच कळत नाही. ओलांडायचीच असेल तर कॅमेरा दिसेल असा हलवत ओलांडा.

आणि पाचवं, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं: नंतरचा प्रसंग. ‘सायको’ (१९६०) मधल्या शॉवरखालच्या खुनाच्या प्रसंगासाठी ७८ कॅमेरा मांडण्या आणि ५२ कट झाले हे सगळे सांगतात. पण त्या कटांच्या आधी ती बाई शांतपणे पैशांचा हिशेब करते, कागद फाडून टाकते, पाण्याखाली उभी राहते. आणि नंतर मोटेल चालवणारा नॉर्मन ती खोली पुसतो, आवरतो, सगळं गाडीत भरतो, जवळजवळ शब्दाविना, कितीतरी मिनिटं. प्रेक्षकाला धक्का पचवायला ती मिनिटं लागतात, आणि त्याच मिनिटांत त्याची काळजी नकळत दुसऱ्या पात्राकडे सरकते. परतून आलेला चेंडू तो हाच. झटक्यानंतर लगेच पुढचा झटका लावला असता तर हे सरकणं झालंच नसतं.

जागा कोणती, हाही प्रश्न आहे. ‘शोले’मध्ये (१९७५) रेल्वेवरचा हल्ला सुरुवातीलाच, ठाकूरच्या आठवणीतून येतो. दोघे भुरटे चोर कसल्या मातीचे आहेत हे तिथे दिसून जातं आणि पुढचा बराच वेळ सिनेमा निवांत चालला तरी प्रेक्षक तक्रार करत नाही. लवकर झालेला गोल संघाला असाच मोकळा श्वास देतो. दोन मोठे प्रसंग पाठोपाठ ठेवू नका. त्यातला दुसरा, तो कितीही चांगला असला तरी, अर्ध्या किमतीला जातो.

फसतं बहुतेक वेळा संकलनाच्या टेबलावर. संकलकाने तो प्रसंग शंभरदा पाहिलेला असतो, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, म्हणून प्रत्येक शॉट लांबल्यासारखा वाटतो आणि तो दोन-दोन फ्रेम कापत जातो. यावर दोन उपाय कामी येतात. प्रसंग कधीही सुटा बघू नका, आधीच्या दहा मिनिटांसकट बघा. आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा: कोण कुठे आहे आणि काय हवं आहे हे आवाजाशिवाय कळत नसेल तर चूक कापण्याची नाही, चित्रीकरणाची आहे, आणि संगीताचा पट्टा वर चढवून ती झाकली जाणार नाही. संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत राहिलं की टप्पे पुसले जातात. निदान एक टप्पा पावलांच्या, श्वासांच्या, दाराच्या आवाजावर सोडा.

राहिला सिनेमात फुटबॉल दाखवण्याचा प्रश्न, जिथे दोन्ही कामं एकत्र येतात आणि दोन्ही सहसा बिघडतात. नेहमीची पद्धत अशी: पायाचा क्लोजअप, कट, ओरडणारा चेहरा, कट, जाळीत चेंडू. यात वेग आहे पण अंतर नाही, आणि फुटबॉलचा सगळा ताण अंतरात आहे. पास देणारा पाय आणि घेणारा पाय एकाच शॉटमध्ये दिसले पाहिजेत, निदान निर्णायक चालीत. त्यासाठी खेळू शकणारी माणसं घ्यावी लागतात. ‘एस्केप टू व्हिक्टरी’मध्ये (१९८१) पेलेसारखे खरे खेळाडू घेतले होते ते म्हणूनच उपयोगी पडलं. निर्णायक चाल कॉर्नरसारखीच बसवा: आधी चालत, मग धावत, मग कॅमेऱ्यासह, आणि कॅमेरा चेंडूच्या मागे न पळवता चेंडू जिथे पोचणार तिथे आधी नेऊन ठेवा. दुसरं टोक बघायचं असेल तर झिदानवरचा २००६ चा माहितीपट बघा. एप्रिल २००५ मधला रियाल माद्रिदचा एक सामना १७ कॅमेऱ्यांनी टिपला आहे आणि सगळे कॅमेरे एकाच माणसावर. पूर्ण सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो, त्यामुळे पडद्यावर बहुतेक वेळ दिसतं ते त्याचं चालणं, बुटाचं टोक गवतावर घासणं, मान वळवून बघणं. मग चेंडू येतो.